माझ्या आधी कोण गेला

मुलीच्या हळदीच्या गडबडीत मी हिराजीतात्यांचा आवाज चोरला. ‘चोरला’ हा शब्द त्यांचा. माझ्या मते मी तो फक्त पुढे पाठवला होता. तोही गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, आणि चांगल्या हेतूने. माझ्या हातून आजवर ज्या चुका झाल्या, त्या सगळ्या चांगल्या हेतूनेच झाल्या. वाईट हेतू बाळगायला जो उत्साह लागतो, तो माझ्यात कधीच नव्हता.

हे नीट कळायला आमच्याकडचं आवतान काय असतं ते सांगायला हवं. आमचं गाव आगरदांड्याच्या अलीकडे, खाडीच्या कडेला. घरं एकशे चाळीस. लग्नाच्या छापील पत्रिका इथे मुंबईच्या पाहुण्यांसाठी असतात. गावातल्या माणसाला पत्रिका दिली तर तो ती फ्रिजवर ठेवतो आणि विचारतो, ‘आवतान कधी येणार?’ आवतान तोंडी लागतं. हाक देणाऱ्यानं दारात उभं राहून, त्या घराचं नाव घेऊन ते द्यायचं. त्याचे दोन प्रकार. ‘घरटी एक’ म्हणजे घरातल्या एकानं यायचं. ‘चुलबंद’ म्हणजे सगळ्यांनी यायचं, त्या दिवशी घरात चूल पेटवायचीच नाही. मग घरातून कोणीतरी ‘आयकला हो’ असा जबाब देतं. जबाब आला की आवतान पोचलं. तो येईपर्यंत हाक देणारा दारातून हलत नाही.

गेली चाळीस वर्षं हे काम हिराजीतात्यांचं. त्यांच्या आधी त्यांच्या बापाचं होतं. तात्या आता सत्तरीच्या पुढे आहेत. अंगानं काटकुळे, गुडघे गेलेले, डोक्याला पांढरी टोपी. एवढ्याशा माणसातून जो आवाज निघतो, तो त्यांच्या मापाचा वाटतच नाही. लहानपणी मला वाटायचं, कोणातरी थोराड माणसाचा आवाज चुकून यांच्याकडे राहिला असावा. एकदा मी तसं बोललोही. तर म्हणाले, ‘कोणाचा न्हाय. माझाच हाय.’ आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

तात्यांचं घर दोन खोल्यांचं. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. होडी केव्हाच विकली. पण ज्या गोष्टी हातात धरता येत नाहीत, त्यांच्या बाबतीत हा माणूस जमीनदार होता. स्वतःचा आवाज, खोकला, चाल, शिंक, सांगायच्या गोष्टी, सगळ्यांना त्यांनी मनातल्या मनात कुंपण घातलेलं. आणि कुंपणाच्या आत कोणाचं पाऊल पडलं की एकच शब्द: ‘इचारलंस?’

गिरणीवाल्या दत्तारामनं एकदा चार बायकांसमोर तात्यांच्या खोकल्याची नक्कल केली. तात्या नेमके मागे, तांदळाचा डबा घेऊन रांगेत. ‘आत्ता खोकलास तो माझा खोकला,’ ते म्हणाले. ‘इचारलंस?’ दत्तारामला गंमत वाटली. तात्या डबा तसाच उचलून घरी गेले आणि आठ दिवस भाकरी न खाता भातावर राहिले. शेवटी दत्ताराम घरी गेला आणि म्हणाला, ‘तात्या, तुमचा खोकला अधूनमधून वापरू काय?’ तात्यांचा चेहरा एकदम निवळला. ‘वापर की. पण जपून. छातीला लागतो तो.’

आमच्या हिच्याशी तर त्यांचा स्वप्नावरून वाद झाला. हिनं सहज सांगितलं, ‘तात्या, पहाटे तुम्ही माझ्या स्वप्नात आला होता.’

‘मी? आनि मलाच म्हाईत न्हाय?’ तात्या पायरीवर बसले. ‘काय करत होतो?’

‘काही नाही. पडवीत बसून फणस खात होता.’

तात्यांनी बराच विचार केला. ‘फणस मला बाधतो. तो मी न्हाय. सूनबाय, परत आला तर हाकलून द्या त्याला.’

आणि रेशनच्या दुकानातला तो अंगठा. जाळी आणि दोर ओढून तात्यांच्या बोटांवरच्या रेघा पुसल्या गेल्या आहेत. मशीन अंगठा घेईना. दुकानदार म्हणाला, ‘तात्या, हा अंगठा तुमचा नाही म्हणतंय.’ तात्यांनी अंगठा डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. मग रस्त्यावर आले, छाती भरून घेतली आणि नुसतीच एक हाक दिली. कसलं आवतान, कोणाचं, काही नाही. तीन आळ्यांमधून बायकांचा जबाब आला, ‘आयकला होऽ.’ तात्या दुकानात परत गेले. ‘लिवा,’ म्हणाले, ‘हिराजी हजर हाय.’ मशीनवर याचा परिणाम झाला नाही, पण दुकानदारावर झाला.

असा हा माणूस. मला हे सगळं माहीत होतं. तरीही मी जे केलं ते केलं.

मनालीची हळद रविवारी होती. रिवाज असा की हाक देणाऱ्याबरोबर यजमानानंही दारोदार हिंडायचं, हातात नारळ घेऊन, एक पाऊल मागे. मे महिना. मी मुरूडच्या एका शाळेत लेखनिक आहे. गाव मला मास्तर म्हणतं आणि मी आजवर कोणाला दुरुस्त केलेलं नाही. तेवीस वर्षं खुर्चीवर काढलेला हा देह एकशे चाळीस घरं हिंडणार कसा, हा प्रश्न मला महिनाभर पडला होता. टाच दुखत होती. मंडपवाला, आचारी आणि मनालीच्या सासरचे यांच्याशी बोलून बोलून मी असा थकलो होतो की माणसाचं तोंड दिसलं तरी नकोसं वाटे.

बुधवारी संध्याकाळी तात्या शब्द ठरवायला आले. ओट्यावर उभं राहून त्यांनी हाक कशी असेल ते दाखवलं. पहिल्या घराची हाक, काशीबायच्या. काशीबाय एकटी राहते, ताडाच्या झाडाखाली, आणि आवतानाची सुरुवात पूर्वापार तिथूनच होते.

‘ताडाखालच्या काशीबायच्या घराऽऽ. मास्तरांच्या मनालीची हळद हाय होऽ. ऐतवारी सांजच्याला. चुलबंद हाय होऽऽ.’

मी वेळ बघतोय असं दाखवून मोबाइलवर ते रेकॉर्ड करून घेतलं. तात्या गेल्यावर गावाच्या ग्रुपवर टाकलं. वर लिहिलं, ‘सर्वांनी हेच आमंत्रण समजावे.’ त्याच झटक्यात पालीला दादालाही पाठवून दिलं. दादा माझा थोरला भाऊ. तीन वर्षं आमचं बोलणं नाही. कारण इतकं लहान आहे की इथे लिहायला लाज वाटते. तेव्हा फोन करून काय बोलायचं या पेचातून तात्यांच्या आवाजानं मला सोडवलं. पाच मिनिटांत गाव आटोपलं, भाऊ आटोपला. मी पाय वर घेऊन बसलो.

‘हे बरं दिसतं का?’ हिनं विचारलं.

‘तात्यांचे गुडघे बघ,’ मी म्हणालो. माझ्या टाचेचा उल्लेख केला नाही.

गुरुवारी सकाळी मी उशिरा उठलो. तात्या मात्र सातलाच इस्त्रीचा सदरा घालून बाहेर पडले होते. ‘मास्तर मागनं नारळ घेऊन येतील’ म्हणत थेट काशीबायच्या दारात गेले आणि छाती भरून घेतली. काशीबाय झाडू घेऊनच बाहेर आली.

‘आयकलाय काल. शेजारणीच्या मोबाईलात. आता परत कशाला वरडतोस? आनि माझ्या घरा हळद कोणी लावली, ते सांग आधी.’

कारण हाक सगळ्या गावाला तीच गेली होती. प्रत्येक घरानं ऐकलं ते ताडाखालच्या काशीबायच्या घराचं आवतान. निम्म्या गावाला वाटलं की हळद काशीबायकडे आहे. रात्रीपासून तिला फोन येत होते. मांडव कुठे घालणार, भांडी पुरतील का, आम्ही पाट घेऊन येऊ का. पनवेलच्या माझ्या आतेभावानं तर ग्रुपवर विचारलं होतं, ‘काशीबाईंच्या घरी गाड्या लावायला जागा आहे का?’

तात्या परत आले आणि माझ्या ओट्यावर बसले. मी दात घासत होतो.

‘मास्तर,’ ते म्हणाले, ‘मी आत्ता निघालो. मग माझ्या आधी कोण गेला?’

मी चूळ भरली आणि सगळं सांगितलं. गुडघ्यांवर जास्त भर दिला.

‘गुडघे दुखतात माझे. आवाज न्हाय दुखत. इचारलंत?’

‘चुकलं, तात्या.’

‘कुठं कुठं गेला?’

‘सगळ्या घरी.’

‘सगळ्या? खारकडच्या घरीपन?’

खारकडचं घर म्हणजे गावाच्या पार टोकाचं, खारबंदिस्तीच्या, म्हणजे खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधाजवळचं. तिथे तात्यांचे थोरले भाऊ बाळाराम राहतात. दोघा भावांचं बोलणं नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक. कशावरून, हे मात्र प्रत्येक जण वेगळं सांगतो.

‘त्यांची सून आहे ग्रुपवर,’ मी म्हणालो. ‘म्हणजे गेला असणार.’

तात्यांनी टोपी काढली, झटकली आणि परत घातली. मग उठले. ‘परत आना. ऐतवारच्या आत माझा आवाज मला घराघरातनं परत आनून द्या. न्हायतर आजपासनं मी हाक देनार न्हाय. कोणाच्याच दारात न्हाय.’

मी घाईघाईनं त्यांच्यासमोर माझ्या फोनवरचं पुसलं, ग्रुपवरचंही पुसलं. ‘हे बघा, गेलं.’

‘तुमच्या फोनातनं गेला. त्यांच्या घरातनं गेला काय?’

मी मदतीसाठी दाराकडे बघितलं. ही तिथे उभी होती, हातात नारळ घेऊन. तो तिनं माझ्या हातात ठेवला आणि आत गेली.

ज्या हिंडण्यातून सुटायला मी हे सगळं केलं, तेच हिंडणं आता दुप्पट झालं. आधी प्रत्येक दारात मी माझा गुन्हा कबूल करायचा. मग घरच्यांनी फोन आणायचा, पुसलेलं तात्यांना दाखवायचं. मग तात्या त्या घराचं नाव घेऊन खरी हाक देणार आणि जबाब येईपर्यंत थांबणार. काशीबायकडे सुरुवात झाली. तिच्याकडे साधा फोन, त्यात पुसण्यासारखं काहीच नव्हतं. तरी तिनं माझ्याकडून तीनदा माफी वदवून घेतली. ‘मोठ्यानं बोल, मास्तर,’ म्हणाली, ‘तिकडं विहिरीवर आयकू जात न्हाय.’

दत्तारामच्या फोनची तर घंटीच ती झाली होती. आम्ही बोलत असतानाच त्याच्या खिशातून तात्यांनी काशीबायला हाक दिली. खरे तात्या खिशाकडे बघत राहिले. दत्ताराम खोकल्याच्या वेळचा शहाणा झालेला. त्यानं लगेच विचारलं, ‘तात्या, ठेवू काय?’

‘आता इचारतोस? गेल्यावर?’

त्यानं मुकाट्यानं पुसलं.

दुपारपर्यंत चाळीस घरं झाली. लोकांना कौतुक, प्रत्येक घरी सरबत. कोकम सरबताचा अकरावा पेला पिताना मला वाटलं, आवाज परत मिळेल, पण मी काही परत घरी पोचत नाही. तात्या पुढे, काठी टेकत. मी मागे, नारळ छातीशी धरून. कोणीतरी विचारलं, ‘मास्तर, लग्न मनालीचं आहे की तुमचं?’ मी उत्तर द्यायला तोंड उघडलं नाही, कारण पुढचं घर आलं होतं.

बंदराजवळच्या मोहल्ल्यात सकीनाभाभींचं घर. त्यांनी फोन तात्यांच्या हातातच दिला. ‘हिराजीभाई, मेरेकडचा निकालो, पण माझा पोरगा रशीद आखातात, त्याला मी कालच पाठवला. तो दोह्याला पोचला.’

‘दोहा म्हंजे दिघीच्या पलीकडं?’

‘बऱ्याच पलीकडं,’ मी म्हणालो.

‘लावा फोन.’

रशीद पडद्यावर आला. कामाचा निळा शर्ट, मागे लोखंडी पलंगांची रांग. मी माझा गुन्हा सांगितला. तोपर्यंत माझं भाषण पाठ झालं होतं.

‘तात्या,’ रशीद म्हणाला, ‘राहू दे ना. इथं आपल्या बाजूची आमी चौघं एका खोलीत हाव. सकाळी कामावर निघताना लावला होता. माझ्या घराचं नाव नाय त्यात, काशीबायचं हाय, पण चालून जातं.’

तात्यांनी फोन माझ्या हातात दिला. मला म्हणाले, ‘फोन सरळ धरा.’ मग दोन पावलं मागे सरकले, टोपी नीट केली आणि सबंध मोहल्ला बाहेर यावा अशी हाक दिली.

‘बंदरावरच्या रशीदच्या घराऽऽ. दावत हाय होऽ. मास्तरांच्या मनालीची हळद. ऐतवारी सांजच्याला. चुलबंद हाय होऽऽ.’

तात्या थांबून राहिले. पडद्यावर रशीदनं मान खाली घातली होती. नेटवर्क खराब असावं. बऱ्याच वेळानं जबाब आला, ‘आयकला हो.’

‘तो आधीचा पुसून टाक,’ तात्या म्हणाले. ‘हा ठेव. हा तुझा हाय.’

त्या दिवशी मी घरी येऊन पाय गरम पाण्यात सोडून बसलो. जेवता जेवता मला डुलकी लागली.

शुक्रवारी उरलेली घरं घेतली. चारच्या सुमाराला एकशे एकोणचाळीस झाली. उरलं ते खारकडचं. तिकडे जायला बांधावरून पाऊण मैल चालायचं, एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला रिकामी शेतं, सावलीला एक झाड नाही. मी म्हणालो, ‘तात्या, बाळारामदादांकडे स्वतःचा फोन नाही. सुनेला मी मनालीकरवी सांगतो. राहू दे ना एवढं.’

‘त्याच एका दाराचं तर काम हाय,’ तात्या म्हणाले आणि चालायला लागले.

मध्यावर त्यांचा गुडघा बोलायला लागला. आम्ही बांधाच्या दगडांवर बसलो. मी नारळ मांडीवर ठेवला. ओहोटी लागलेली होती, चिखलाचा वास येत होता. तात्या समोर बघत बोलायला लागले. मी काही विचारलं नव्हतं. पण हे त्यांचं होतं, आणि ते देत होते.

‘आये गेली तवा मी होडीवर होतो. आठ दिसांनी आलो. ती दोन दिस इचारत होती म्हनं, हिरा आला काय, हिरा आला काय. डोळ्यांनी दिसत न्हवतं तिला. आमचा दोघांचा आवाज बापाचा. बापाचाच, पन एकसारखा, दारामागनं बोललो तर आयेलापन उमगायचं न्हाय कोन ते. तर बाळारामनं काय केलं, भायेर गेला, दारातनं हाक दिली. आये, आलो गं, मी हिरा.’

मी नारळ या मांडीवरून त्या मांडीवर घेतला.

‘तिला बरं वाटलं. म्हनाली, आलास? जेवलास काय? त्यानं सांगितलं, जेवलो. मग गेली ती.’

‘त्यांनी चांगल्यासाठीच केलं असेल, तात्या.’

‘तुमीपन चांगल्यासाठीच केलंत,’ तात्या म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. ‘जेवलास काय, हे तिनं मला इचारलं होतं, मास्तर. जबाब त्यानं दिला. माझ्या नावानं, माझ्या आवाजात. आता मी कोणाला सांगू, जेवलो का न्हाय ते?’

तेव्हापासून दोघे बोलले नाहीत. पण आवतान हे काम. कामात घर वगळता येत नाही. त्यामुळे गावात लग्न, हळद, बारसं काही असलं की तात्या खारकडच्या दारात उभे राहत आणि बाळाराम आतून म्हणत, ‘आयकला हो.’ एवढंच. वर्षाला सात-आठ वेळा. एका वर्षी गावात फार लग्नं झाली, तर अकरा वेळा. ‘त्या वर्साला बरं चाललं होतं,’ तात्या म्हणाले. मग काठीवर भार देत उठले. ‘आनि ह्या वेळेला मी न जाताच माझा आवाज त्याच्या दारात गेला.’

बाळारामदादा ओट्यावर बसले होते. तात्यांपेक्षा अंगानं जाड, पण बसण्याची ढब तीच. सून दारात आली. मी माझं भाषण सुरू केलं, ‘वहिनी, त्या व्हॉट्सॲपवर माझ्याकडून...’

‘पुसलाय तो,’ ती म्हणाली. ‘मामांनी बुधवारीच पुसायला लावला.’ मग आवाज खाली आणून मला म्हणाली, ‘मी मामांना लावून दाखवला, तर उठून दारात गेले. बाहेर कोणीच नाही. परत आले आणि म्हणाले, ह्याला मी जबाब देत न्हाय. कालपासून ओट्यावरच आहेत. जेवायलासुद्धा आत येत नाहीत, म्हणतात, चुकामूक होईल.’

तात्यांनी ते ऐकलं की नाही, कळलं नाही. ते अंगणाच्या कडेला उभे होते, भावापासून चार हातांवर. त्यांनी टोपी नीट केली, छाती भरून घेतली आणि खाडीपलीकडे ऐकू जावी अशी हाक दिली.

‘खारकडच्या बाळारामच्या घराऽऽ. मास्तरांच्या मनालीची हळद हाय होऽ. ऐतवारी सांजच्याला. चुलबंद हाय होऽऽ.’

ओट्यावरून जबाब आला, ‘आयकला हो.’

संपलं. तात्यांनी मला खूण केली आणि वळले. मीही वळलो. मला फक्त घर दिसत होतं, माझं, आणि त्यातली खाट.

‘हिरा.’

आम्ही दोघंही थांबलो. क्षणभर मला वाटलं, तात्यांनी स्वतःलाच हाक मारली. इतका तो आवाज त्यांचा होता.

‘जेवलास काय?’

तात्या पाठमोरेच होते. संध्याकाळचे पाच वाजले होते, आणि दुपारी दत्तारामच्या घरी आम्ही दोघं पोटभर मासळी-भात जेवल्याचं मला पक्कं आठवत होतं.

‘न्हाय,’ तात्या म्हणाले.

सून आत पळाली. तव्याचा आवाज आला. तात्या हळूहळू मागे गेले आणि ओट्याच्या खालच्या पायरीवर बसले. बाळारामदादांनी बसल्या जागी थोडं सरकून वर जागा केली. ती भरायला तात्यांना बराच वेळ लागला. मला कोणी बसा म्हणालं नाही. नारळ मी पायरीवर ठेवला आणि बांधावरून एकटाच परत आलो. टाच दुखत होती, पण तिच्याकडे लक्ष द्यायचं राहून गेलं.

घरी ही अंगणात हळकुंडं निवडत बसली होती. मी बाजूला बसलो आणि सगळं सांगितलं. दोह्याचं, बांधावरचं, पायरीवरचं. शेवटी म्हणालो, ‘झालं एकदाचं. एकशे चाळीसच्या एकशे चाळीस घरांतून परत आणला.’

ती हळकुंडं निवडत राहिली.

‘पालीला दादांना पण तुम्ही तेच पाठवलं होतं ना? काशीबायच्या घराचं?’

‘ऐकलंय त्यानं,’ मी म्हणालो. ‘निळ्या खुणा आल्यात.’

‘काही लिहिलं?’

‘नाही.’

तिनं सुपातलं शेवटचं हळकुंड निवडलं, हात झटकले आणि उठली.

‘उद्या सकाळच्या गाडीनं जाऊन या,’ ती म्हणाली. ‘डबा देत नाही. तिथेच जेवा.’